बाबालालच्या नावाच्या गोळ्या

मी औषधाची एक बाटली बोलतेय. तपकिरी काचेची, पांढऱ्या झाकणाची. माझी हकिकत ऐकून कुणी शाबासकी देणार नाही, मीही मान खाली घालूनच सांगतेय.

सन अठ्ठ्याऐंशीत मी पुण्याहून पिरंगुटला आले. तिथं बाजारात स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या बाबालालला थोरल्या बहिणीची, जैनबबीची, किडनी बसवली होती. अंगानं ती झिडकारू नये म्हणून जी औषधं चालू होती, त्यांनी अंगाची राखणच ढिली पडायची. अशा वेळी आत दबून बसलेले विषाणू डोकं वर काढतात. त्यांना आवरायला माझ्या पोटातल्या गोळ्या. "काही होत नसलं तरी रोज घ्यायच्या. नागीण उठली तर जिवावर बेतेल," डॉक्टरांनी बजावलं होतं.

बाबालालनं हे दुकानात चारचौघांना सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. आमच्याकडे नागिणीवर गेरू लावतात, मंत्र घालून घेतात. त्यावर गोळी असते हे कुणाला ठाऊक? आठ दिवसांत शेजारच्या रिहे गावचा कोंडिबा दारात हजर.

"बाबालालभाई, आमच्या साळूच्या कमरंला नागीण उठलीया. गेरूनं भागत न्हाई, लई आग हुतीया. द्या की थोड्या गोळ्या."

वर्षभर बाबालाल लोकांकडून घेतच आला होता. दूध, रक्त, शेवटी बहिणीची किडनी. आता कुठं त्याच्यापाशी देण्याजोगं काही होतं, आणि तब्येतही ठणठणीत वाटत होती. त्यानं माझं झाकण उघडलं. साळूबाईला उतार पडला, गवगवा झाला. मग घोटावड्याहून गेणबा आला, आणखीही आले. खरं सांगते, मलासुद्धा फुशारकी वाटत होती.

जैनबबी रोज सकाळी मला हलवून बघायची. "घेतलीस न्हवं?"

"व्हय, आपा."

गोळ्या संपल्या तेव्हा बाबालालनं माझ्यात चिंचोके भरले. मी खुळखुळले आणि ती निर्धास्त झाली. त्या खुळखुळण्याची लाज मला अजून जाळते.

पंधरवड्यात त्याच्या पाठीवर फोड उठले, मग तोंडात, मग ताप चढला. पुण्याला नेलं. गोळ्या किती उरल्या, डॉक्टरांनी विचारलं. जैनबबीनं मोठ्या विश्वासानं मला टेबलावर उपडं केलं. चिंचोके घरंगळले.

बाबालालनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती ओरडली नाही. "दुकान वाटायचं हुतंस," एवढंच म्हणाली. "हे तर मी तुला दिल्यालं वाटलंस."

शिरेतून औषध देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवलं. किडनी राहिली, पण पहिल्यासारखी नाही. माझ्यात पुन्हा गोळ्या भरल्या. मला कुणी उसनी मागू नये, एवढीच माझी विनवणी आहे.

पुढं काही दिवसांनी कोंडिबा आंबेमोहर तांदळाचं गाठोडं घेऊन आला. "भाई, तुमच्यामुळं साळू उठली. आता सुनंला बी तसंच झालंय."

बाबालालचा हात सवयीनं माझ्याकडे आला आणि थांबला.

"न्हाई, कोंडिबा. ह्या माज्या नावाच्या हायेत. सुनंला पुण्याला न्या, डॉक्टरचा पत्ता लिवून देतो."

कोंडिबा खट्टू होऊन गेला. आतल्या दारात जैनबबी उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या आणला, माझं झाकण काढलं आणि एक गोळी भावाच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती तिच्यासमोर गिळली. तिच्याकडे वर बघण्याची मात्र त्याची हिंमत झाली नाही.