फेलिक्सचा सुळसुळाट

“तुमचं नाव काय हो?” अँब्युलन्समध्ये मागून सासूबाईंनी विचारलं. शेजारी त्यांची सून कळा देत होती.

“नावाचं काय घेऊन बसलात? तिचा हात धरा,” ड्रायव्हर म्हणाला.

नाव सांगायची त्यानं धास्तीच घेतली होती. नाव होतं फेलिक्स. एकतीस वर्षांत त्यानं कितीतरी अडलेल्या बायका वेळेत दवाखान्यात पोचवल्या, आणि लोकांनी उपकाराची फेड म्हणून मुलांची नावं फेलिक्स ठेवली. आता वस्तीत कुणी खिडकीतून ‘फेलिक्स, जेवायला ये’ म्हणून ओरडलं, की अकरा जण खेळ सोडून घराकडे वळत.

मागच्या आठवड्यात शाळेच्या मुख्याध्यापिकेनं त्याला रस्त्यात गाठलं होतं. “पहिलीत पाच फेलिक्स झालेत. हजेरी घेताना आमच्या बाईंच्या डोक्याचा भुगा होतो. कृपा करून आता कुणाला नाव सांगू नका.”

चोरी पकडली गेल्यासारखी त्यानं मान खाली घातली. नावाचा अर्थही तिनंच सांगितला: लॅटिन शब्द आहे. सुखी, भाग्यवान.

घरी त्यानं ते बायकोला सांगितलं. “भाग्यवान? मग रोज कंबर कोण चोळून घेतं?” ती भाजी चिरत म्हणाली. दोघांना मूलबाळ नव्हतं. जरा वेळानं तीच म्हणाली, “पण अकरा आहेत की.”

आज त्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस. निदान आज तरी तोंड उघडायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पण मागे बसलेल्या नर्सला कुठला धीर? तिनं सांगून टाकलं.

“फेलिक्स? झकास,” सासूबाई म्हणाल्या. “मुलगा झाला तर हेच ठेवू.”

ड्रायव्हरनं मनातल्या मनात मुख्याध्यापिकेची माफी मागितली आणि गाडी हाणली.

तासाभरानं सासूबाई दुपट्यातलं गाठोडं घेऊन व्हरांड्यात आल्या. “मुलगी झाली. तुमचं नाव वाया गेलं बघा.”

“सुटलो,” तो म्हणाला. पण म्हणताना तो दुपट्यात डोकावून बघत होता.

“मला मुलाला फोन लावायचाय. हिला धरा जरा.”

एवढ्या वर्षांत कुणी त्याच्या हातात बाळ दिलं नव्हतं. बाळं जन्मायची तेव्हा तो खाली गाडी धूत असायचा; आज शेवटचा दिवस म्हणून वर थांबला होता. त्यानं तळवे पँटला दोनदा पुसले, बाकावर नीट टेकून बसला, आणि मग दोन्ही हात पुढे केले.