उलटा घातलेला हेडफोन

मी एक जुना हेडफोन आहे. माझ्या गाद्या फाटल्या आहेत आणि डोक्यावरची पट्टी चिकटपट्टीच्या जिवावर तग धरून आहे. हसू नका मित्रांनो, माझेही दिवस होते.

कारखान्यातून खोक्यात आणि खोक्यातून दुकानात असा माझा प्रवास झाला. तिथून एका मुलीने मला घरी नेले. ती व्हिडिओ गेम बनवायची. घरात ती आणि तिचे बाबा, दोघेच. बाबा पूर्वी बस चालवत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, पण हौस गेली नव्हती. मुलगी खेळायला बसली की ते शेजारी खुर्ची ओढून "आता काय झालं?" असे सारखे विचारत. शेवटी तिने ठरवले, बाबांना स्वतःला खेळता येईल असा गेम करायचा. त्यात चित्र एकही नाही. नुसते ऐकत नदी पार करायची.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. गेममधला नावाडी म्हणाला, "इकडे वळा." बाबांनी शांतपणे विचारले, "इकडे म्हणजे कुठे गं?"

मुलीने कपाळावर हात मारला. डोळस माणूस बोट दाखवून "इकडे" म्हणतो. बाबांना बोट कुठे दिसणार? मग तिने नावाड्याच्या हाका बाबांच्याच आवाजात भरून घेतल्या. नावाडी डावीकडे असला की हाक माझ्या डाव्या बाजूने येई, उजवीकडे असला की उजव्या. आता "मी इकडे" ऐकले की बाबा बरोबर वळत. अंध शाळेतली मुले खेळायला आली, तेव्हा तर माझ्यासाठी ओढाताण झाली. माझी ऐट काय सांगू तुम्हाला!

मग बाबांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण डावा कान घेऊन गेला. त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. मला मात्र कळले. माझ्या डाव्या बाजूने नावाडी जीव तोडून ओरडायचा आणि बाबा भलतीकडे वळून पाण्यात पडायचे. मुलीला वाटले, गेमच अवघड आहे. तिने नदी अरुंद केली, आवाज वाढवला. तरी तेच. एकदा ती वैतागून म्हणाली, "बाबा, तुमचं हल्ली लक्षच नसतं."

ती बाहेर गेली की बाबा मला एकदा सरळ घालत, एकदा उलटा, म्हणजे माझी डावी बाजू उजव्या कानावर, आणि त्या एका कानाला हाक कधी मोठी येते ते ताडत. असे चाचपडत एकदा ते नदी पार झाले. एकटेच हसले. मलाही भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासमोर तेच केले. "अहो बाबा, उलटा घातलात," म्हणत तिने मला सरळ केले. बाबा तसेच खेळले. पाण्यात पडले. मग त्यांनी मला काढले, वायर नीट गुंडाळली आणि म्हणाले, "आता पुरे. तू दुसऱ्यांसाठी बनव."

त्यांना गेमचा कंटाळा आला, असे तिला वाटले. फार लागले तिला ते. बऱ्याच दिवसांनी ती त्यांच्या डावीकडे येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी उगाच चिडले." बाबा चहा पीत राहिले. तिने पुन्हा म्हटले. ते रुसलेत असे वाटून ती समजूत काढायला उठून दुसऱ्या बाजूला गेली, तर ते दचकले. "अगं, तू कधी आलीस?"

तेव्हा तिच्या लक्षात आले. ती मला छातीशी धरून ढसाढसा रडली. बाबा म्हणाले, "इतक्या हौसेनं केलं होतंस. कोणत्या तोंडानं सांगू?"

तिने गेम पुन्हा बनवायला घेतला. डावीकडची हाक बारीक, उजवीकडची जाड, म्हणजे एका कानालाही दिशा कळावी. काम सोपे नव्हते. ते होईतो उजवा कानही मंदावत मंदावत गेला. तरी तिने मला बाबांच्या डोक्यावर बसवले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. मी दोन्ही बाजूंनी थरथरत होतो. बाबा मान ताठ करून वाट पाहत राहिले. मग म्हणाले, "चालू केलंस का गं?"

मित्रांनो, मला कपाटात ठेवले किंवा भंगारात दिले तरी माझी तक्रार नाही. एवढेच मागतो. घरातल्या कोणी काही उलटे घातलेले दिसले, तर सरळ करण्याआधी का घातले ते विचारा, आणि ते त्यांना ऐकू येतेय तोवर विचारा.