मालकांच्या मापाचे टेबल

मी एक जुने टेबल आहे. बेकरीतले, पीठ मळायचे. मित्रांनो, माझे पाय तुम्हाला जरा आखूड वाटतील. हसू नका. ते असे का झाले हे ऐकलेत, म्हणजे मी एवढ्या ऐटीत का बोलते आहे तेही कळेल.

माझा जन्मच मुळी एका चुकीतून झाला. नवे लग्न, नवी बेकरी आणि उत्साहाने फुललेले मालक. सुतार माप घ्यायला आला तेव्हा मालक ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हे बघा, माझ्या कमरेएवढं करा."

"वहिनीपण मळणार ना? त्यांचं माप नको घ्यायला?" सुताराने विचारले.

"एवढ्यातेवढ्याने काय होतंय!"

झाले ते असे की मालक होते ताडमाड आणि मालकीणबाई त्यांच्या खांद्याच्याही खाली. मला बेकरीत आणून ठेवले, तशी ती समोर उभी राहिली. तिने हात वर टेकवले, तर खांदे कानांपर्यंत गेले.

"अहो, हे टेबल आहे की भिंत?"

मालकांनी जीभ चावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लाकडी खोका ठोकून आणला आणि गुपचूप तिच्या पायाशी ठेवला. त्या खोक्यावर उभी राहून तिने सगळा संसार केला. भांडण झाले की ती म्हणायची, "ज्याला बायकोचं माप घ्यायचं सुचत नाही, त्याच्याशी काय बोलायचं!" मग मालक हसायचे आणि भांडण तिथेच मिटायचे.

रोज पहाटे दोघे समोरासमोर उभे राहत. कामाला हात घालण्याआधी ती माझ्या दोन्ही बाजूंना कोरडे पीठ भुरभुरायची. मग पिठाचे गोळे आपटायचे, ताणायचे, दुमडायचे. त्या हातांनी घासून घासून माझ्या अंगावर दोन खळगे पडले. तिच्या बाजूचा उथळ, मालकांच्या बाजूचा खोल. पाव खाऊन लोक कौतुक करायचे ते भट्टीचे. मला राग यायचा. भट्टी नुसती भाजते हो, पाव घडतो माझ्या पाठीवर!

मग एका हिवाळ्यात मालक छातीच्या दुखण्याने गेले.

बेकरी बंद झाली. माझ्यावर रिकामी पोती येऊन पडली आणि पोत्यांवर धूळ. आता मला कुणी विचारत नाही असे मी धरूनच चालले होते. पण एका पहाटे कुलूप उघडले. तिने पोती उचलली, मला ओल्या फडक्याने पुसले आणि सवयीने दोन्ही बाजूंना पीठ भुरभुरले. मग ती समोर बघत राहिली. समोर कुणी नव्हते. मला वाटले, मालकांच्या बाजूचे ते पीठ आता ती झटकून टाकेल. तिने झटकले नाही. दिवसभर ते तसेच राहिले आणि संध्याकाळी तिने हळूच पुसून घेतले. पुढे हाच नेम झाला. त्या बाजूला ना डबा ठेवायचा, ना परात.

वर्षे गेली. तिचे केस पिकले, खांदा दुखू लागला. एके दिवशी खोका घसरला आणि ती पडली. पडता पडता तिने माझा काठ घट्ट धरला. मी तसूभरही हलले नाही. नाहीतर तिचे डोकेच फुटले असते. ही फुशारकी नाही, खरे आहे ते सांगते.

डॉक्टर म्हणाले, "आता त्या खोक्यावर चढायचं नाही. टेबल कमी करा, नाहीतर मळणं सोडा."

लेक म्हणाली, "आई, पाय कापून घेऊ या ना याचे. साधी गोष्ट आहे."

"साधी तुला. ही त्यांची उंची आहे. ती कापली की राहिलं काय माझ्याकडे?"

मालकीणबाई खोक्याशिवायच, टाचा उंचावून मळू लागली. हातात जोर उरेना. आणि जे कधी घडले नव्हते ते घडले. एक गिऱ्हाईक पाव परत घेऊन आले. भीत भीत म्हणाले, "काकू, जरा कडक झालाय हो."

तिने पाव मोडला, तुकडा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिली. मग डोळे पुसून लेकीला म्हणाली, "त्यांची उंची जपता जपता त्यांचा पावच बिघडवला मी. बोलाव सुतारांना."

तोच सुतार आला. तोही पार वाकला होता. "वहिनी, या वेळी तुमचं माप," तो म्हणाला. ती लाजत भिंतीला टेकून उभी राहिली. वयाने आणखीच बुटकी झाली होती.

"पुढच्या खेपेला अजून कापावं लागेल," ती म्हणाली.

"तोवर मीच किती उरतो ते बघा!" सुतार हसला.

मला उलटे केले. करवत लागली तेव्हा भीती वाटली, खोटे कशाला बोलू? पण पुन्हा उभे राहिले तेव्हा ती माझ्यासमोर जमिनीवर दोन्ही पाय टेकवून उभी होती, आणि खांदे अगदी सैल.

तिने दोन्ही बाजूंना पीठ भुरभुरले. गोळा उचलला. आणि मित्रांनो, ती वळसा घालून मालकांच्या बाजूला आली. तो खोल खळगा तिने तळव्याने चाचपला आणि गोळा त्यात ठेवला. बरोबर बसला तो.

"अहो," ती हलकेच म्हणाली, "झालं बघा माप."

त्या दिवशीचा पाव पूर्वीसारखाच मऊ झाला. खोका आता भट्टीपाशी असतो. थकली की ती त्यावर बसते आणि लेकीला हुकूम सोडते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी टाचा उंचावून दिवस काढत असेल. त्यांचे माप विचारा, फार उशीर होण्याआधी विचारा. आणि मला सरकवायचे असेल तर उचलून सरकवा, फरफटवू नका. पाय आखूड असले तरी ते तिच्या मापाचे आहेत.