शिशाची टक्कर

"गुर्जी, अजून एकडाव पाहा," असं म्हणत रंभाने शिशाची गोळी चिरलेल्या बांबूच्या वरच्या टोकावरून सोडली. गोळी घरंगळत खाली आली, तिथल्या दुसऱ्या गोळीवर आदळली आणि ती दुसरी जेमतेम तीन-चार विती जाऊन थांबली. थोड्या वेळापूर्वी काचेच्या गोट्यांनी हाच खेळ केला होता, तेव्हा मार खाल्लेली गोटी सारवलेल्या जमिनीवरून थेट दारापर्यंत गेली होती.

मी आठवीच्या वर्गात हजेरीपट न्यायला गेलो आणि दारातच खिळलो. मी शाळेचा कारकून, पण त्याआधी याच वर्गात वामनराव खोब्रागडे गुरुजींचा विद्यार्थी. साल चौऱ्याऐंशी. प्रयोगाचं सामान जिल्ह्याहून यायचं ते आलं नव्हतं, म्हणून गुरुजींनी पोरांना सांगितलं होतं की टकरीचे प्रयोग तुम्हीच रचा. कुणी टेंभराची कच्ची फळं आणली, कुणी तळ्यातल्या चिखलाचे गोळे. रंभाचे वडील, इस्तारी, तळ्यात मासे धरत. तिने त्यांच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या.

गुरुजी मूळचे इतिहासाचे. विज्ञानाला माणूस मिळेना म्हणून तो विषय त्यांच्या गळ्यात पडला, आणि अकरा वर्षांत त्यांनी त्याच्या अशा नेटक्या नोट्स केल्या की चिमूरची पोरंसुद्धा उतरवून नेत. टकरीच्या धड्यावर त्यांचं एक वाक्य होतं: 'आदळणारी वस्तू आपली सर्व ऊर्जा दुसऱ्या वस्तूस देते.' आम्ही ते पाढ्यासारखं म्हणायचो. त्या नोट्सच्या जोरावरच हेडमास्तर यंदा आदर्श शिक्षक म्हणून त्यांचं नाव पाठवणार होते. गुरुजी वरवर नको नको म्हणत, पण नवा सदरा शिवायला टाकून आले होते.

"सारी ऊर्जा देल्ली, तं हे गोळी दूर काऊन नाई गेली?" रंभाने विचारलं.

शिसं जड असतं म्हणून, असं गुरुजींनी सांगितलं. वर्गाचं समाधान झालं. माझंही झालं. रंभाचं मात्र झालं नाही. तिने खालची गोळी उचलून बाजूला ठेवली आणि रिकाम्या वाटेवर आधी काचेची गोटी सोडली, मग शिशाची गोळी. दोन्ही जवळजवळ सारख्याच लांब गेल्या. म्हणजे जडपणाचा काही दोष नव्हता.

मग तिने ती मार खाल्लेली गोळी गुरुजींच्या तळहातावर ठेवली. इतक्या टकरा खाऊन तिच्यावर तिळाएवढी जागा चपटी झाली होती आणि चकाकत होती.

"माहा बाबा दगडावर शिसं ठोकून गोल करते, तं त्याचा हात भरून येते," ती म्हणाली. "शिसंबी गरम होते. चपटं व्हायलेबी जोर लागते, गुर्जी. बाकीचा जोर तिथीच गेला असन."

मधल्या सुट्टीत गुरुजी शाळेमागे दगडावर हातोडीने शिसं ठोकत बसले. पन्नाशी उलटलेला माणूस, पाच-दहा घाव घालायचा आणि शिसं गालाला लावून पाहायचा. खिडकीतून पाहताना मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. आत येऊन ते मला म्हणाले की खरंच गरम होतं, आणि दाखल-खारीज रजिस्टर मागितलं. पत्रं लिहायला त्यांना अकरा वर्षांत शिकवलेल्या सगळ्या मुलांचे पत्ते हवे होते.

हेडमास्तरांनी परोपरीने समजावलं. नोट्स पुढच्या वर्षी गुपचूप सुधारा, जुनं कोण उकरतो? आणि ही पत्रं गावोगाव गेली तर तुमचं नाव कोणत्या तोंडानं पाठवू?

"मी सांगितलं म्हणून लेकरायनं ते घोकलं, सर," गुरुजी म्हणाले. "आता चुकलं हेबी मलेच सांगा लागन."

नाव गेलं नाही. गुरुजी महिनाभर शाळा सुटल्यावर पोस्टकार्डं लिहीत बसले. मजकूर सगळ्यांना एकच: टकरीच्या धड्यातलं ते वाक्य चूक आहे, ते खोडावे. काही ऊर्जा वस्तू चेपण्यात व तापण्यात जाते. हे आपल्या शाळेतील आठवीची विद्यार्थिनी रंभा इस्तारी हिने प्रयोग रचून दाखवले. काही कार्डं पत्ता न लागल्याने परत आली. जी उत्तरं आली त्यांत बहुतेकांनी तब्येतीची चौकशी केली होती, वाक्याबद्दल चकार शब्द नव्हता. गुरुजी ती उत्तरं दोन-दोनदा वाचत, आणि ते पाहून मला फार वाईट वाटे.

माझं कार्ड त्यांनी हातात दिलं नाही, रीतसर पेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी पोस्टमनने ते शाळेतच आणून दिलं, तेव्हा गुरुजी माझ्या समोरच्या खुर्चीवर पत्त्यांची यादी घेऊन बसले होते. मी वाचत होतो तोवर ते बाहेर बघत राहिले. माझी वही कधीच रद्दीत गेली होती. मी एक कोरा कागद घेतला आणि ते वाक्य लिहिलं. एकही शब्द न अडखळता आलं. मग त्यावर एक आडवी रेघ ओढली.

गुरुजींनी वाकून पाहिलं, आणि यादीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.