चार नंबरचा बोअर

सलग तीन वेळा पाणी स्वच्छ आलं की गावातल्या विहिरींवरची बंदी उठणार होती. दोनदा आलं होतं. तिसरा नमुना घ्यायला प्रयोगशाळेकडून मी गेले, चार नंबरच्या बोअरचं झाकण उघडलं आणि मला पोहण्याच्या तलावाचा वास आला.

जुन्या कचराडेपोवर आता प्लास्टिक, त्यावर माती आणि वर गवत आहे. खाली उत्तरेकडच्या कारखान्यांनी वीस वर्षं आणून पुरलेली पिंपं कुजतायत. माझे बाबा तिथे ट्रक रिकामे करायचे. एक्कावन्नाव्या वर्षी यकृत सडून गेले. पिंपांतलं विष जमिनीखाली कुठवर गेलंय ते कळावं, म्हणून हे बोअर.

"नुन्झिया, भर बाटली आणि चल," दोनातो काका कुंपणापासून ओरडले. राखणदार तेच, बोअरची किल्लीही त्यांच्याकडेच. "काकूनं पास्ता टाकलाय. लगदा झाला तर माझं डोकं खाईल ती."

"आधी बोअरमध्ये साचलेलं पाणी उपसते, खालचं ताजं येऊ दे."

"तुझ्या आधी नमुने घेणारा ऑरेस्ते कधी उपसायचा नाही."

"ऑरेस्ते आळशी आहे, काका. वरचंच पाणी भरून पळायचा."

काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन मी तपासणीची गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं. क्लोरिन! तो नळाच्या पाण्यात असतो, जमिनीखाली कुठून येणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पंप सुरू केला. वीस मिनिटांनी पिवळट पाणी आलं, त्यावर तेलाचा तवंग, आणि वास असा की जवळ आलेल्या काकांनी नाकाला रुमाल लावला.

"नळाचं पाणी ओतलंत ना?"

"हळू बोल."

"का? कोण ऐकेल? कबरीतले?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. एका बाटलीचा तर प्रश्न आहे. विहिरी बंद आहेत, तिकडे टोमॅटो करपतायत."

"आणि ते टोमॅटो खाणार कोण? तुमचीच नातवंडं ना?"

"मला अक्कल शिकवू नकोस! तुझा पगार घरबसल्या पहिल्या तारखेला येतो."

"एवढं पाणी एकट्यानं वाहिलंत?"

काकांनी खिशातून एक कागद काढला. उत्सवात गावच्या संताची, सॅन रोक्कोची, मूर्ती कुणी कधी खांद्यावर घ्यायची, याच्या पाळ्या लावतात ना, तश्शी यादी. अठ्ठावीस घरं, प्रत्येकाचा वार ठरलेला, दरवेळी दोन कॅन. संताच्या पाळीला दांड्या मारणारेही यात होते. कालच्या वारापुढे माझ्या आईचं नाव होतं.

मी तिला तिथूनच फोन लावला.

"आई, काल तू पाणी ओतलंस?"

"हो."

"बाबा कशानं गेले, विसरलीस?"

"मला विचारतेस?" ती कडाडली. "सात महिने त्यांच्या उलट्या मी पुसल्या! त्या शेतासाठी ते ट्रक रिकामे करत राहिले. ते शेत तरी जगू दे, नुन्झिया."

मला तिचा राग आला, काकांचा आला, आणि त्या पिंपं पुरणाऱ्या हरामखोरांचा सगळ्यात जास्त आला. त्यांच्यातल्या एकालाही आजवर दोन कॅन उचलावे लागले नव्हते.

"शेत तुझंच राहील, आई," मी म्हणाले. "पण त्यात काही पेरायचं नाही."

ती रडायला लागली. मी फोन कानाला तसाच धरून ते पिवळं पाणी नमुन्याच्या बाटलीत काठोकाठ भरलं.