सामायिक वजन

आडतीवरचा जुना काटा परवा भंगारात गेला. टेम्पोत चढवताना हमाल म्हणाला, "गोरक्षमामा, डोळे पुसा." मी म्हणालो, "तुरीची धूळ हाय रं." तुरीचा हंगाम संपून तेव्हा तीन महिने झाले होते.

कर्जतच्या बाजारात मी वीस वर्षं मापाडी आहे. माणूस समोर आला की आधी त्याचं वजन मनात उतरतं, मग नाव आठवतं. अंदाज अर्ध्या किलोच्या वर चुकत नाही. एकदाच चुकलो, पण ते वजनात नव्हे.

लॉकडाऊननंतर शाळा भरल्या आणि पोरांना गणवेश होईनात. नववीतली तिघं दोन वर्षांत चांगलीच भरली होती: सम्राट, करण आणि करणची चुलत बहीण दिशा. त्यात सम्राटच्या रक्तातली साखर काठावर आली. डॉक्टरांनी बजावलं, रोज चाल, वजन उतरव, नाहीतर विशीच्या आत गोळ्या. त्याच्या आजोबांचा याच दुखण्यात पाय गेलेला, त्यामुळे गोळ्यांचं नाव निघालं की त्याची आई उठून आत जायची.

मग दिशानं ठरवलं, चालायचं तर तिघांनी. शाळेआधी मैदानाला दहा फेऱ्या. वडापावची आठवण झाली की खायच्या आधी दुसऱ्याला फोन लावायचा. आणि दर गुरुवारी माझ्या काट्यावर वजन.

पोत्यामागं बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन, वजा करतात, तसा मी कपड्यांपायी माणशी एक किलो वजा करायचो. करण दीड मागायचा.

"मामा, माझ्या चपला जड हायेत."

"मग काढून ये."

"मोबाईलचं तरी धरा!"

माझ्या वहीच्या मागच्या पानावर तिघांच्या तीन ओळी होत्या. एखाद्याचं वाढलं की बाकीचे दोघं विचारायचे, "कुणाच्या लग्नात जेवलास रं?" आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर दोन फेऱ्या जास्त मारायचे. हा हिशोब मला फार आवडायचा. वाढवायचं एकानं, फेडायचं तिघांनी.

जानेवारीत तुरीची आवक वाढली. त्या गुरुवारी सातपासून मी पोती मोजत होतो. मापाड्यानं आकडा खणखणीत ओरडायचा, म्हणजे तिकडं मुनीम लिहून घेतो, अशी आमची पद्धत. सम्राट त्या दिवशी लवकर आला, एकटाच. दोन पोत्यांच्या मधे मुकाट काट्यावर चढला. माझी नजर आकड्यावर. सवयीनं ओरडलो, "एक्याण्णव, चारशे!"

ज्यांची पोती चालू होती त्या भागूबाईंच्या तुरीत मुनिमानं ते लिहूनही टाकलं. एक हमाल म्हणाला, "ही तूर कुणाची हो? डाळ झकास निघंल!" अख्खं आवार हसलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही हसलो. सम्राट खाली उतरला आणि मागं न बघता गेला.

पुढच्या गुरुवारी दिशा कंबरेवर हात ठेवून उभी. "मामा, तुमचं तोंड हाय का भोंगा? त्यानं चालणं सोडलं. फोन उचलत न्हाई. मैदानाकडनं जायला नको म्हणून शाळेला गावाला वळसा घालून जातो."

"चुकलं पोरी. चढ, तुझं तरी करू."

"न्हाई. तिघांचं व्हतं, तिघांचंच व्हईल."

ती आणि करण वजन न करताच गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. मागच्या पानावर त्या तारखा कोऱ्या, आणि कोरी जागा मला सहन होत नाही. तेव्हा मीच दिशाला सुचवलं, तिघं एकदम चढा. चार घरची थोडी थोडी तूर असली की आम्ही ती सामायिक म्हणून एकदमच काट्यावर घेतो. कुणाची किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तिसऱ्या गुरुवारी दोघांनी सम्राटला त्याच्या दारातून आणलं. आवार तसंच भरलेलं. तो फाटकाशीच थांबला.

"मी चढलो की तुमची बेरीज वाढंल."

"वाढू दे की," करण म्हणाला. "मी काल तीन जिलब्या खाल्ल्यात. फोन लावला हुता तुला, तू उचलला न्हाईस. म्हंजी पाप निम्मं तुझं."

सम्राट हसला नाही, पण चालत आला. काट्यावर तिघांना जागा पुरेना. दिशा मधे, दोघं कडेला, एकमेकांच्या खांद्याला धरून. मी आकडा बघितला आणि न ओरडता वही उघडली.

"वरडा की, मामा," सम्राट म्हणाला.

मी ओरडलो, "दोनशे सेहेचाळीस, आठशे! बारदान तीन!"

तोच हमाल पोतं पाठीवर घेऊन थबकला. "आता ही कुणाची?"

सम्राटनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "सामायिक हाय."

त्या दिवसापासून मागच्या पानावर एकच ओळ. एकदा दिशा तापानं पडली, तर दोघं येऊन नुसतेच परत गेले. दोघांचं केलं असतं तर वजाबाकीनं तिसऱ्याचं मला कळलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. दहावीच्या निकालापर्यंत ओळ दोनशे सातवर आली. त्यातले कुणाचे किती गेले, मला आजही माहीत नाही. सम्राटच्या आईनं मात्र एक दिवस रक्ताचा कागद आणून माझ्यापुढं धरला. मला त्यातलं काही वाचता येईना. तिनं बोट ठेवून दाखवलं, साखर कुठं आली ते. गोळ्या लागल्या नाहीत.

आता दिशा पुण्याला, करण नगरला. सम्राट इथंच आहे. काटा गेला त्या दिवशी मी त्याला फोन लावला. तो आला, टेम्पोत चढला आणि काट्यावर कडेला उभा राहिला, दोघांची जागा सोडून.

"वरडू का रं?" मी विचारलं.

"नको मामा. तिघं न्हाईत."