खिडकीजवळची मानाची जागा

मित्रांनो, मी एक जुना कणमापक आहे. तुमच्या घरातली धूळ मोजायला मला बोलावू नका, ती फडक्यालाही सापडते. माझी शिकार वेगळी. गाड्यांच्या धुरात इतके बारीक कण असतात, की ते नाकाला अडवता येत नाहीत. ते थेट छातीत उतरतात. माझ्या पोटातली अल्कोहोलची वाफ त्यांच्यावर बसली, की ते फुगून थेंबांएवढे होतात आणि मी त्यांना मोजतो. धरून ठेवत नाही, नुसते मोजतो.

माझी नेमणूक गजबजलेल्या चौकातल्या एका पाळणाघरात झाली. मला ऊन सोसत नाही, म्हणून मला आत टेबलावर बसवलं आणि माझी नळी खिडकीतून सिग्नलकडे सोडली. घरमालक भिंतीला भोक पाडू देईना. मग खिडकी कायम वीतभर उघडी ठेवायचं ठरलं.

"मावशी, ही लावायची नाही हं," मला बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने बजावलं. "नळी दबली, की सगळी मेहनत पाण्यात."

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी शब्दाला पक्क्या. खिडकी उघडी राहिली. मला त्या रोज मायेने पुसायच्या. माझा पंखा घुरघुरायचा, हिरवा दिवा तेवत राहायचा. एकदा तंत्रज्ञासमोरच त्या एका आईला कौतुकाने म्हणाल्या, "हे यंत्र घाण ओढून घेतं आणि हवा गाळतं. आमच्या चिमणीची छाती नाजूक ना, म्हणून तिला इथेच निजवते."

चिमणी म्हणजे त्यांची तान्ही नात. तिचा पाळणा माझ्या टेबलाला टेकलेला होता, उघड्या खिडकीच्या अगदी खाली. तंत्रज्ञाने पाळण्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खरं सांगितलं असतं, तर खिडकी त्याच क्षणी लागली असती. तो गालात हसला, नळी नीट केली आणि निघून गेला.

इतर आया त्या जागेसाठी मावशींशी भांडायच्या. सिग्नलला ट्रक थांबले, की माझे आकडे भराभर चढायचे. शेजारी चिमणी खोकायची. तिकडे तंत्रज्ञाच्या कचेरीत माझी वाहवा चालली होती. असे सलग आकडे म्हणे कुठेच मिळाले नव्हते. माझ्याही अंगावर तेव्हा मूठभर मांस चढलं होतं, त्याची आज किळस येते.

मोजणी संपली. तंत्रज्ञाने माझी वायर काढली. "आता खिडकी लावलीत तरी चालेल, मावशी."

चिमणी मावशींच्या खांद्यावर होती. आडवं ठेवलं, की तिला धाप लागायची. मावशींनी मला एका हाताने घट्ट धरलं. "नेऊ नका हो दादा! आत्ताच तर पोरीला याची खरी गरज आहे."

त्याने त्यांची बोटं सोडवली आणि मला उचललं.

आता मी गोदामात पडून आहे. माझी कीव करू नका. तुमच्या खोलीत माझ्यासारखं काही घुरघुरत असेल, तर ते काय करतं ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत ते बसवणाऱ्याची पाठ सोडू नका. चिमणीला अजून बोलता येत नव्हतं आणि मला तोंड नाही. तंत्रज्ञाला होतं.